सिमेंटचा ससा, घरच्या रबरी साच्यातून: माती मळण्यापासून क्युरिंगपर्यंत

बागेत ठेवायला सिमेंटचा प्राणी करायचाय म्हटलं की लोक सगळ्यात आधी विचारतात माल कसा कालवायचा, सिमेंट किती, वाळू किती. ते सांगतोच पुढे, पण खरं सांगू का, तो भाग जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. ससा नीट येणार की कान तुटून येणार हे सिमेंटची पिशवी फोडायच्या आठवडाभर आधीच ठरलेलं असतं, मातीत तो कसा बसवलाय आणि साच्यातून कुठल्या वाटेने बाहेर येणार आहे त्यावर. माझा पहिला ससा कान ताठ करून बसला होता, मातीत तर एकदम झकास दिसत होता, आणि साचा सोलला तेव्हा दोन्ही कान साच्यातच राहिले. दुसऱ्या सशाचे कान मी पाठीवर चपटे टाकले, तो अजून धडधाकट आहे. म्हणून इथे मातीवर आणि साच्यावर जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी ते वगळू नका. क्रम असा: आधी मातीचा ससा, त्यावर पातळ रबराचा म्हणजे लॅटेक्सचा साचा, त्याच्या बाहेरून प्लॅस्टरचं कडक कवच, आणि मग साचा उलटा करून त्यात सिमेंटचा माल.

अंदाज यावा म्हणून सांगतो, आपला ससा साधारण २८ सेंमी लांब, अंग चोरून बसलेला, आतून भरीव. वजन ९ किलोच्या आसपास जातं. यापेक्षा मोठा पहिल्याच खेपेला करू नका, कारण साचा उलटा करणं, हलवणं, सोलणं सगळं एकट्याच्या हातांनी करायचंय.

पोझ आणि माती

काँक्रीटला दाबलं तर ते वाट्टेल तेवढं सहन करतं, पण वाकवलं किंवा ओढलं की पटकन तुटतं. त्यामुळे बाहेर आलेली प्रत्येक बारीक गोष्ट, म्हणजे उभे कान, लांब शेपूट, सुटे पाय, मिशा, ही तुटायची जागा समजायची. झोपलेलं मांजर, कासव, बेडूक, घुबड, अंग चोरलेला ससा हे प्राणी त्यासाठीच सोपे. हरीण आणि बगळा विसरा. कुठलाही भाग मातीत २ सेंमीपेक्षा बारीक ठेवायचा नाही असा माझा साधा नियम आहे, आणि दोन भागांच्या मधून आरपार भोक तर अजिबात नको. पुढच्या दोन पायांमधली फट, कान आणि पाठ यांच्यामधली पोकळी, हनुवटीखालची जागा, हे सगळं मातीने भरून फक्त खोलगट रेघ ठेवायची. सावली पडली की डोळ्याला ती फटच वाटते, कुणाला कळत पण नाही.

माती कुंभाराची चालते, शाडू चालतो, तेलकट मॉडेलिंग क्लेही चालते. मी कुंभाराची वापरतो कारण पाणी लावून गुळगुळीत करता येते. काम गुळगुळीत फळीवर करा, शक्यतो प्लायवर, फळी सशापेक्षा चारी बाजूंनी किमान १० सेंमी मोठी घ्या, ती पुढे लागणार आहे. ससा फळीला पूर्ण चिकटून बसला पाहिजे, खाली फट राहिली तर रबर आत शिरतं. केस दाखवायचे असतील तर जुन्या कंगव्याने ओढा, पण रेघा २ मिमीपेक्षा खोल नकोत आणि सगळीकडे पण नकोत. मान, पाठ आणि मांडीवर थोड्या असल्या की बास.

एक गोष्ट पहिल्यांदा कुणी मनावर घेत नाही ती म्हणजे रबर काहीही सोडत नाही. जे मातीवर आहे ते सगळं उचलतं. माझ्या सशाच्या उजव्या कुशीवर अंगठ्याचा ठसा राहिला होता, मातीत दिसतसुद्धा नव्हता, आणि आता त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक सशावर तो तिथेच आहे, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. तेव्हा शेवटी मऊ ओल्या ब्रशने सगळीकडून एक हात फिरवा आणि मग बॅटरीचा उजेड बाजूने आडवा टाकून बघा, खड्डे-ठसे लगेच उठून दिसतात.

माती चामड्यासारखी घट्ट होऊ द्या, पूर्ण वाळू देऊ नका, तडे जातात. मग लाखेचं पॉलिश म्हणजे शेलॅक, त्याचे दोन पातळ हात मारा, फळीवर पण मारा. त्याने मातीतला ओलावा आत बंद राहतो आणि रबर सुकायला सोपं जातं.

साच्यासाठी लॅटेक्स का

पर्याय तसे बरेच आहेत. सिलिकॉन रबर उत्तम उतरतं आणि लवकर होतं, पण महाग पडतं आणि माप चुकलं तर अख्खा घाणा चिकटच राहतो, शिवाय काही प्रकारचं सिलिकॉन गंधक असलेल्या क्लेवर सेटच होत नाही. बाथरूमला लावायचं सिलिकॉन सीलंट साबणाच्या पाण्यात मळून थापणारेही आहेत, चालतं, पण बारकावे तितके येत नाहीत. लिक्विड लॅटेक्सला वेळ लागतो, आठवडा जातो, पण ते चुका माफ करतं, सिमेंटच्या क्षाराला बऱ्यापैकी टिकतं आणि सगळ्यात मोठं म्हणजे ताणलं जातं. मोज्यासारखं उलटं करून सोलता येतं, त्यामुळे रबराला जोडच लागत नाही आणि सशाच्या अंगावर जोडाची रेघ येत नाही.

लॅटेक्सला अमोनियाचा वास येतो, डोळे झोंबतात, खिडकी उघडी ठेवूनच काम करा. ज्यांना रबरी हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी आहे त्यांनी याच्या नादी लागू नये, सिलिकॉन घ्यावं.

लॅटेक्सचे हात

ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून झटकायचा आणि मगच लॅटेक्समध्ये घालायचा. हे विसरलात तर दहा मिनिटांत ब्रशचा दगड होतो. डबा हलवायचा नाही, ढवळायचं असेल तर हळू, कारण फेस झाला की तेच बुडबुडे साच्यात बसतात.

पहिला हात सगळ्यात महत्त्वाचा. पातळ, सावकाश, आणि ब्रश ओढायचा नाही तर टेकवत टेकवत न्यायचा. डोळ्याच्या कडा, नाकपुड्या, कानाची मुळं इथे बुडबुडा अडकतो, तिथे तोंडाने हलकी फुंकर मारा, फुटतो. सशासोबत फळीवरही चारी बाजूंना ६-७ सेंमी लॅटेक्स लावत जा, टोपीला काठ असतो तसा. तो काठ पुढे साच्याला कवचाच्या तोंडावर अडकवून धरतो, नाहीतर माल ओतला की रबर आत घसरतं.

ओलं लॅटेक्स दुधासारखं पांढरं असतं आणि सुकलं की मधासारखं पिवळसर, आरपार दिसणारं होतं. सगळा पांढरेपणा गेल्याशिवाय दुसरा हात मारायचा नाही, हाच घड्याळाचा काटा. हवेवर आहे, कधी दोन तास, कधी पाच. पंखा लावा, पण उन्हात ठेवू नका, वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. दिवसाला दोन-तीन हात होतात. तिसऱ्या-चौथ्या हातानंतर जखमेला बांधायचं सुती गॉज घ्या, त्याचे छोटे तुकडे ओल्या लॅटेक्सवर बसवा, काठावर दोन थर, कानांच्या मुळाशी आणि मानेभोवती पण. अख्ख्या अंगावर गॉज नको, ताण कमी होतो आणि सोलताना कडक लागतं. एकूण १० ते १२ हात, जाडी साधारण ३ मिमी झाली पाहिजे.

शेवटच्या दोन हातांआधी लॅटेक्समध्ये बारीक चाळलेला लाकडाचा भुसा कालवून घट्ट लगदा करा आणि बाहेरून जिथे जिथे आतल्या बाजूला वळण आहे, हनुवटीखाली, पोटाच्या कडेला, शेपटीखाली, तिथे भरून टाका. कारण वरचं कवच कडक असणार आहे, ते सरळ बाजूला ओढून निघालं पाहिजे, आणि त्याला अडकायला कुठे खोबण मिळाली तर ते कधीच निघणार नाही, मग हातोडी आणि शिव्या. असे अडकणारे कोपरे म्हणजेच अंडरकट, कारागीर ज्याच्या नावाने खडे फोडतात ते.

शेवटचा हात सुकल्यावर तीन दिवस तसंच राहू द्या. घाई केली तर रबर हाताला कोरडं लागतं पण आत कच्चं असतं, आणि ताणलं की पुन्हा मूळ आकारावर येत नाही.

वरचं कवच

नुसतं रबर मालाच्या वजनाने फुगतं, ससा गरोदर दिसतो. म्हणून बाहेरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं दोन तुकड्यांचं कवच करायचं. रबर मातीवरून काढू नका, तसंच राहू दे.

नाकापासून डोक्यावरून, दोन कानांच्या मधून, पाठीवरून शेपटीपर्यंत आणि पुढे काठावरून फळीपर्यंत मातीची ३ सेंमी उंच भिंत उभी करा, बरोबर मध्यावर. एका बाजूला साबणाचं घट्ट पाणी रबरावर मारून घ्या. इथे लक्ष द्या, व्हॅसलिन, खोबरेल, इंजिन ऑइल, कुठलंही तेल लॅटेक्सला लावायचं नाही, रबर फुगतं आणि चिकट होतं. नेटवरचे निम्मे लोक सरसकट व्हॅसलिन लावायला सांगतात, ते सिलिकॉनसाठी ठीक आहे, इथे नाही.

प्लॅस्टर कालवताना पाण्यात प्लॅस्टर टाकायचं, उलटं नाही. वजनाने ७ भाग पाणी, १० भाग प्लॅस्टर. भुरभुरत टाका, मिनिटभर भिजू द्या, मग हाताने हळू कालवा. दाट झालं की थापायला सुरुवात, हातात दहा-पंधरा मिनिटं असतात. एक सेंमीचा थर झाला की गोणपाटाच्या पट्ट्या प्लॅस्टरमध्ये बुचकळून वरून बसवा, मग परत थर, एकूण अडीच ते तीन सेंमी. वरचा भाग थापून थोडा सपाट करा, कारण नंतर हे कवच उलटं होऊन त्याच सपाटीवर बसणार आहे. प्लॅस्टर घट्ट होताना चांगलंच गरम होतं, हात त्यात बुडवून ठेवू नका, आणि उरलेलं बेसिनमध्ये अजिबात ओतू नका, पाइपात दगड होतो.

एक बाजू घट्ट झाली की मातीची भिंत काढा, प्लॅस्टरच्या उघड्या कडेवर चमच्याच्या टोकाने फिरवून तीन-चार वाटीसारखे खळगे पाडा. दुसरी बाजू त्यात बरोबर बसते, नंतर तुकडे सरकत नाहीत. कडेला साबणाचं पाणी तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी मुरू देऊन, मग दुसरा अर्धा भाग तसाच. हा साबण विसरलात तर दोन्ही भाग एकजीव होतात, मी एकदा विसरलोय.

दुसऱ्या दिवशी जोडात लाकडाची पाचर हळू ठोकून कवच उघडा. रबरावर बाहेरून टाल्कम पावडर चोळा आणि काठाकडून गुंडाळत सोला. आतली बाजू उलटी होईल तशी तिच्यावरही पावडर, नवीन लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि चिकटलेलं सुटत नाही. मातीचा ससा बहुतेक वेळा यात मोडतो. मोडू दे, त्याचं काम झालं. साचा पाण्याने धुवा, कोपऱ्यातली माती मऊ ब्रशने काढा.

पाण्याने मोजणी

कवच आणि रबर एकत्र बसवून उलटं ठेवा, तोंड म्हणजे सशाचा तळ वर. कवच बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्या, दोरीपेक्षा कितीतरी छान आवळतात. आता मापाच्या जगने त्यात पाणी भरा आणि किती लिटर मावलं ते लिहून ठेवा. यात दोन कामं होतात, माल किती लागणार ते कळतं आणि रबराला कुठे बारीक भोक असेल तर तिथून पाणी झिरपतं. भोक सापडलं तर सुकवून बाहेरून लॅटेक्सचे दोन हात.

माझ्या साच्यात ४.२ लिटर मावतं. एक लिटर मालाला साधारण ६३० ग्रॅम सिमेंट, १२६० ग्रॅम कोरडी वाळू आणि २६५ मिली पाणी धरतो, म्हणजे वजनाने १ ला २. सांडलवंड आणि घमेल्याला चिकटणारं धरून १० टक्के जास्त, म्हणजे ४.६ लिटरचा हिशोब: सिमेंट २.९ किलो, वाळू ५.८ किलो, पाणी १.२ लिटर. वजनकाटा वापरा, मग्गे मोजू नका, दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या मग्ग्यात बराच फरक पडतो.

माल

सिमेंट ताजं घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी, खडे झालेली पिशवी असेल तर दुसऱ्या कामाला वापरा. वाळू धुतलेली आणि वाळवलेली, मच्छरजाळीतून चाळलेली, समुद्राची नको, तिच्यातलं मीठ नंतर त्रास देतं. वाळूत माती किती आहे बघायचं असेल तर बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास तशीच ठेवा. वाळूच्या वर चिखलाचा थर बसतो, तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू परत धुवा. खडी या मापाच्या कामात नको, कानात शिरतच नाही.

मिळाले तर १२ मिमीचे पॉलीप्रॉपिलीन फायबर लिटरला १ ग्रॅम टाका, ओल्या मालाला सुरुवातीचे बारीक तडे कमी जातात. साधं काचेचं फायबर मात्र नको, सिमेंटचा क्षार त्याला खातो, त्यासाठी वेगळं अल्कलीला टिकणारं फायबर येतं. रंग आतूनच हवा असेल तर लोखंडाच्या ऑक्साइडची पावडर, सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे १४५ ग्रॅम. फिकट ससा हवा तर पांढरं सिमेंट.

आता हातमोजे आणि मास्क. हे मी शिस्तीचा भाग म्हणून सांगत नाहीये. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो आणि त्याची गंमत अशी की भाजतं तेव्हा लगेच कळत नाही, संध्याकाळी कातडी लाल होऊन सोलायला लागते तेव्हा कळतं. हातमोज्याच्या आत माल गेला तर लगेच काढून भरपूर पाण्याने धुवा. कोरडं सिमेंट आणि वाळूची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून चाळताना, कालवताना मास्क.

कोरडं सिमेंट आणि वाळू आधी एकरंग होईपर्यंत मिसळा, मग तीन चतुर्थांश पाणी, पाच मिनिटं कालवा आणि मगच बाकीचं थोडं थोडं. सुरुवातीला वाटतं हे तर फारच कोरडं आहे, पाणी ओता अजून, पण थांबा, पाच मिनिटांनी तोच माल मऊ पडतो. बरोबर झालेला माल हातात घेऊन लाडू वळला तर आकार धरतो, आणि हातावर थोपटला की वर ओलसर चमक येऊन पसरतो. सिमेंटच्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के पाणी, त्याच्या वर गेलात की ओतायला मजा येते पण ससा कच्चा, भुसभुशीत होतो. जास्त पातळ हवाच असेल तर पाणी नाही, सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन वापरा, डब्यावर लिहिलेल्या मापाने.

ओतणं

साच्याला आतून साबणाचं अगदी पातळ पाणी ब्रशने मारा आणि खाली साचलेलं स्पंजने टिपून घ्या, कानाच्या टोकाला थेंब राहिला तर तिथे सिमेंट धुऊन जातं. साचा जमिनीवर थेट ठेवू नका, सायकलच्या टायरवर किंवा गुंडाळलेल्या जाड गोधडीवर ठेवा, म्हणजे सरळही उभा राहतो आणि धोपटल्यावर हलतोही. तोंड सगळीकडून सपाटीत आहे ना ते बघा, नाहीतर ससा कलता बसेल.

आधी थोडासा माल वेगळा कालवा, चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू आणि सिमेंट १ ला १, असं दाट लापशीसारखं करा आणि ते ब्रशने साच्याच्या आतून सगळीकडे घासून लावा. घासून म्हणजे खरंच घासून, ब्रश गोल फिरवत. दिसणारी कातडी हीच आहे, आणि ब्रशने लावली की तिच्यात हवेची भोकं राहत नाहीत. हे सुकू द्यायचं नाही, लगेच मागून माल.

आता कान. उलट्या साच्यात पाठीवर पडलेले कान म्हणजे तळाशी दोन आडव्या खोबणी होतात, आणि माल वरून धपकन टाकला की तोंडाशी बसतो आणि आत हवा कोंडते. मी साचा आधी डोक्याकडे कलवतो, चमच्याने एकेका कानात थोडा माल सोडतो आणि बांबूच्या बारीक काडीने टोकापर्यंत ढोसतो. नीट बघितलंत तर काडी बाहेर काढताना तिच्या मागून एक बुडबुडा वर येतो, पृष्ठभागावर क्षणभर थांबतो आणि फुटतो. तो आला की समजायचं आता कान भरला. नाही आला तर परत. कान झाले की नाक आणि गाल, आणि मग साचा सरळ.

पुढचं सोपं. पाच-पाच सेंमीचे थर टाका, प्रत्येक थरानंतर रबरी हातोडीने कवचाला चारी बाजूंनी मिनिट-दोन मिनिटं थोपटा. पॉलिशची इलेक्ट्रिक सँडर असेल तर कागद काढून ती कवचाला टेकवा, बुडबुडे भराभर वर येतात. पण मालावर पाणी तरंगायला लागलं की बंद करा, त्यापुढे वाळू खाली आणि सिमेंटचं पाणी वर असं वेगळं व्हायला लागतं. दोन थरांमध्ये चहा प्यायला जाऊ नका, जोड दिसतो. कालवल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात सगळं संपलं पाहिजे, आणि घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून परत कालवणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

वजन कमी करायला मध्ये थर्माकोल घालायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, माझ्याही आला होता. घाला, पण तो पाण्यात चेंडू वर येतो तसाच मालात वर येतो, एक लिटरचा तुकडा दोन किलोच्या जोराने. वरून आडवी पट्टी टाकून दाबून ठेवावा लागतो आणि चारी बाजूंनी निदान ३ सेंमी माल राहिला पाहिजे. भरीव सशाला याची गरज नाही, आणि लोखंडी सळीचीही नाही. सळी जर घालायचीच असेल तर तिच्यावर किमान २ सेंमी माल, नाहीतर ती गंजून फुगते आणि ससा आतून फोडते.

तोंड भरलं की लाकडी पट्टीने कापून सपाट करा. तासा-दीड तासाने वरचं पाणी मुरलं की रंध्याने एकदा घोटा, खिळ्याने तारीख कोरायची असेल तर हीच वेळ. वरून प्लॅस्टिक, कडा दाबून, आणि आता हात लावायचा नाही.

सोलणं

चोवीस तासांनी हात शिवशिवतात, मला माहितीये. उन्हाळ्यात २४ ते ३६ तास, थंडीत ४८, आणि पारा ५ अंशांच्या खाली जात असेल तर सिमेंटचं काम जवळपास थांबतंच, साचा उबेच्या जागी ठेवा. तळावर खिळ्याने ओरखडा काढून बघा. पांढरी बारीक रेघ उमटली तर तयार, खिळा रुतला तर अजून एक दिवस.

फळी तोंडावर धरून साचा सरळ उलटवा, ट्यूबच्या पट्ट्या काढा, कवचाचे भाग बाजूला ओढा. रबरावर बाहेरून साबणाचं पाणी चोळा म्हणजे ते स्वतःवरून घसरतं, आणि मग काठाकडून वर, मोजा काढतो तसं उलटवत न्या. मान झाली की थांबा. कानापाशी वर ओढायचं नाही, रबर कानाच्या लांबीच्या दिशेने, टोकाकडे, हळूहळू गुंडाळायचं आणि दुसऱ्या हाताने कान पाठीवर दाबून ठेवायचा. दोन मिनिटं जास्त जातात पण कान राहतात.

बाहेर आलेला ससा गडद राखाडी, गारेगार आणि ओला दिसतो. तो अजून कच्चा आहे, नखाने कड उडते इतका. हीच दुरुस्तीची चांगली वेळ. तळाच्या कडेचे फाटे जुन्या कानसने काढा. लहान भोकं असणारच, चाळलेली वाळू, सिमेंट आणि थोडं पाणी यांचा मलम करून हातमोज्याच्या बोटाने चोळा, जादाचं ओल्या स्पंजने पुसा. अंगभर छोटी भोकं आली असतील तर थोपटणं कमी पडलंय, एकाच जागी वाळू उघडी पडून मधमाशीच्या पोळ्यासारखं झालं असेल तर तिथे माल कोरडा होता किंवा ढोसला नाही. अंगावर वळी, सुरकुत्या आल्या तर रबर कवचात नीट बसलं नव्हतं, पुढच्या वेळी माल ओतायच्या आधी आत हात घालून सगळीकडून दाबून बसवा. कान तुटलाच तर फेकू नका, सिमेंट सुकल्यावर इपॉक्सीने जोडा आणि जोडावर हाच मलम.

पाणी मारणं, रंग, आणि लोणा

सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणून उन्हात वाळत घालणं म्हणजे उपाशी ठेवणं. त्याला ओलं ठेवणं हेच क्युरिंग. ओलं फडकं गुंडाळून वरून प्लॅस्टिकची पिशवी, सात दिवस, मध्ये फडकं ओलं करत राहा. पूर्ण ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने धरतात. प्लॅस्टिक थेट अंगाला चिकटलं तर तिथे गडद डाग राहतात, म्हणून मध्ये फडकं.

सुकल्यावर अंगावर पांढरी भुकटी आली तर घाबरू नका, भिंतीला लागतो तसा लोणाच आहे, आतला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेत पांढरा पडतो. कोरड्या ब्रशने झाडा, मग पाणी, दोन-तीन वेळा करावं लागतं. रंग महिनाभराने. मी सगळा ससा रंगवत नाही, काळपट तपकिरी ॲक्रिलिक भरपूर पाणी घालून अंगभर फासतो आणि लगेच ओल्या स्पंजने वरचं पुसतो, केसांच्या रेघांत आणि डोळ्यांच्या कडेला रंग राहतो, बाकी सिमेंट तसंच. बाहेर ठेवायचा असेल तर वर आत मुरणारं, सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं सीलर. चकचकीत लॅकर लावला की प्लॅस्टिकचा दिसतो, माझं मत. आणि माशांच्या टाकीत किंवा तळ्यात ठेवणार असाल तर आधी दोन-तीन आठवडे बादलीत बुडवून पाणी बदलत राहा, नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात.

साचा मात्र त्याच दिवशी धुवा, सिमेंटचा पापुद्रा राहिला की पुढच्या सशावर उठतो. सुकवून आतबाहेर टाल्कम, आत कागदाचे बोळे भरून आकार धरेल असा कवचात बसवा, ट्यूबच्या पट्ट्या बांधा आणि अंधाऱ्या कपाटात. ऊन, तेल आणि तांब्याची तार-भांडी यांच्यापासून लांब, तांब्यानेही लॅटेक्स खराब होतं. माझा एक साचा मे महिनाभर गच्चीवर पडला होता, जूनमध्ये उचलायला गेलो तर बोटं त्यात रुतली आणि चिकट तारा सुटल्या.